लिस्बनचा भूकंप आणि ईश्वराच्या न्यायाचा प्रश्न

देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्णपणे चांगला आहे, आणि तरीही जगात भयंकर दुःख आहे. ही तीन विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतील, हा प्रश्न ख्रिस्ती ईश्वरशास्त्राची पाठ कधीच सोडत नाही. यांतले कोणतेही एक विधान टाकून दिले की कोडे सुटते. देवाची शक्ती मर्यादित आहे असे मानता येते, तो आपल्याला कळणाऱ्या अर्थाने चांगला नाही असे म्हणता येते, किंवा दुःख हा केवळ भास आहे अशी भूमिका घेता येते. ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहाने तिन्ही विधाने घट्ट धरून ठेवली, आणि त्याची किंमत म्हणून तिला या प्रश्नाशी शतकानुशतके झुंजावे लागले. कर्मसिद्धांत मानणाऱ्या परंपरांत आजच्या दुःखाचे मूळ मागील जन्मात शोधता येते. ते उत्तर पटो वा न पटो, जन्मतः आंधळ्या बाळाच्या दुःखालाही त्या हिशेबात एक जागा मिळते. ख्रिस्ती श्रद्धेत मागचा जन्मच नाही, त्यामुळे त्या बाळाचे दुःख थेट देवाच्या दाराशी येऊन उभे राहते.

विज्ञानाने या प्रश्नाचे काय केले, याविषयी दोन सोपी उत्तरे प्रचलित आहेत. विज्ञानाने भूकंपाची आणि रोगाची खरी कारणे दाखवली आणि देवाला निवृत्त केले, असे एक पक्ष म्हणतो. विज्ञान आणि धर्म यांची क्षेत्रेच वेगळी आहेत, तेव्हा काहीच बिघडलेले नाही, असे दुसरा म्हणतो. माझ्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. विज्ञानाने ईश्वरशास्त्राकडून एक सोयीचे उत्तर काढून घेतले आणि त्याच्या हाती जुन्यापेक्षा अवघड असा प्रश्न दिला. हे कसे घडले, ते पाहण्यासाठी अठराव्या शतकातील लिस्बन शहराकडे जावे लागते.

सणाच्या दिवशी आलेला भूकंप

१ नोव्हेंबर १७५५ हा शनिवार होता, आणि कॅथलिकांसाठी तो सर्व संतांच्या सणाचा दिवस होता. ब्राझीलच्या सोन्यावर श्रीमंत झालेल्या पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी तेव्हा लिस्बन होती. गोव्यासंबंधीचे अंतिम निर्णयही याच शहरात होत. सकाळी साडेनऊनंतर, चर्चमध्ये मिस्सा चालू असताना, जमीन हादरू लागली आणि काही मिनिटे हादरत राहिली. दगडी चर्चची छपरे भाविकांवर कोसळली. वाचलेल्यांपैकी कित्येक जण मोकळी जागा शोधत नदीकाठाकडे धावले, आणि पाऊण तासाच्या आत समुद्राच्या लाटा नदीच्या मुखातून आत शिरल्या. सणानिमित्त पेटवलेल्या मेणबत्त्या आणि घरोघरच्या चुली यांतून लागलेली आग पुढे पाच-सहा दिवस शहर जाळत होती. सर्व संतांच्याच नावाने चालणारे मोठे शाही रुग्णालय त्या आगीत गेले. शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख होती. मृतांचे अंदाज १२ हजारांपासून ६० हजारांपर्यंत जातात. आजचे भूकंपशास्त्रज्ञ या धक्क्याची तीव्रता ८.५ ते ९ च्या दरम्यान धरतात.

प्रार्थना करणारे मेले, चर्च पडली, इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा राजवाडासुद्धा पडला. वेश्यावस्तीची गल्ली मात्र बचावली, अशी चर्चा त्या काळच्या लोकांत फार होती. ज्यांना या घटनेत देवाचा न्याय दिसत होता, त्यांची यामुळे मोठी पंचाईत झाली. तरीही धर्मोपदेशक गप्प राहिले नाहीत. जेज्युइट या कॅथलिक संघातील गाब्रियेल मालाग्रिडा या धर्मगुरूने १७५६ मध्ये पुस्तिका काढून सांगितले की या नाशाचे कारण वायू, बाष्प किंवा धूमकेतू असे काही नसून लिस्बनकरांची पापे हेच आहे, आणि आता शहर उभारण्याच्या धावपळीपेक्षा पश्चात्ताप अधिक गरजेचा आहे. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनीही याला देवाचा न्यायच म्हटले. फरक एवढाच की त्यांना पोर्तुगालच्या पापांमध्ये इन्क्विझिशनने सांडलेले रक्त ठळकपणे दिसत होते. म्हणजे एकाच भूकंपातून दोन विरोधी पंथांना आपापल्या सोयीची शिक्षा वाचता आली. असे ज्या युक्तिवादात घडते, त्याच्याकडे संशयाने पाहावे हे उत्तम.

खरे तर या मंडळींनी आपलाच धर्मग्रंथ नीट वाचायला हवा होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा माणसांविषयी येशू विचारतो की ती माणसे यरुशलेमेतल्या इतर सर्वांपेक्षा अधिक दोषी होती असे तुम्हाला वाटते काय, आणि स्वतःच उत्तर देतो की नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे; तेथेही येशू दोन्ही पर्याय नाकारतो. ईयोबाच्या ग्रंथात तर संपूर्ण नाट्यच यावर उभे आहे. ईयोब नीतिमान आहे, तरी त्याची मुलेबाळे, गुरेढोरे आणि आरोग्य जाते. त्याचे मित्र सांत्वनाला येतात आणि त्याच्याकडून काहीतरी पाप घडलेच असणार असे त्याला पटवू पाहतात. आणि शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर, देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही. दुःख म्हणजे शिक्षा, हे समीकरण बायबलमध्ये अनेक ठिकाणी येते हे खरे. पण त्याला आव्हानही त्याच ग्रंथात दिलेले आहे.

सर्वोत्तम जग आणि सहामजली घरे

लिस्बनमुळे दुसरीही एक विचारसरणी अडचणीत आली. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी १७१० मध्ये असे मांडले होते की देवाने शक्य असलेल्या सर्व जगांतून सर्वोत्तम जग निवडले आहे. हे जग सुखाचे आहे असा त्याचा अर्थ नव्हता. एक वाईट गोष्ट काढून टाकली तर तिच्याशी जोडलेले त्याहून मोठे चांगलेही जाईल, आणि हा संपूर्ण हिशेब फक्त देवालाच दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रेंच लेखक व्होल्तेअर यांनी भूकंपानंतर काही आठवड्यांतच एक दीर्घ कविता लिहून या हिशेबावर हल्ला चढवला. आईच्या छातीवर चिरडलेल्या बाळांनी कोणता गुन्हा केला होता, आणि लिस्बनमध्ये लंडन किंवा पॅरिसपेक्षा जास्त दुर्गुण होते काय, असे त्यांनी विचारले. त्या कवितेला युरोपभर वाचक मिळाले.

तत्त्वज्ञ रूसो यांनी व्होल्तेअर यांना ऑगस्ट १७५६ मध्ये पाठवलेले उत्तर आज अधिक आधुनिक वाटते. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे एका जागी निसर्गाने बांधली नव्हती, असे त्यांनी लिहिले. लोक पसरून आणि हलक्या घरांत राहिले असते, किंवा धक्का बसताच सामानाचा मोह सोडून पळाले असते, तर हानी पुष्कळ कमी झाली असती. १९९३ मध्ये किल्लारीला दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचा भार वाहणारी माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, तेव्हा महाराष्ट्रालाही हेच कळले की माणसे केवळ भूकंपाने मरत नाहीत, ती घरांखाली मरतात. वेल्समधील अॅबरफॅन गावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर घसरून शाळेवर आला आणि ११६ मुलांसह १४४ जण गेले. चौकशी आयोगाने त्याची जबाबदारी राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवली. अशा घटनेला देवाची करणी म्हणणे म्हणजे ज्यांना जाब विचारायचा त्यांना मागच्या दाराने सोडून देणे होय. दुःखाचा दोष देवावर टाकण्याआधी माणसाचा वाटा मोजणे, हे ईश्वरशास्त्राचेही काम आहे, ही समज रूसोंच्या त्या पत्रापासून पुढे वाढत गेली.

पोर्तुगालचे प्रधान, जे पुढे पोंबालचे मार्क्विस म्हणून ओळखले गेले, त्यांनी मात्र वाद न घालता काम केले. त्यांनी सर्व धर्मग्रामांना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, किती वेळा बसला, समुद्र आधी चढला की ओसरला, किती माणसे मेली, जमिनीला भेगा पडल्या काय. या प्रश्नावलीत शिक्षेविषयी काही नव्हते. उत्तरे देणारे बहुधा गावोगावचे धर्मगुरूच होते, आणि त्यांच्या नोंदी आजही संशोधकांच्या उपयोगी पडतात. नव्या इमारतींच्या भिंतींत भूकंप सोसणारा लाकडी सांगाडा बसवण्याची पद्धतही याच पुनर्बांधणीतली. मालाग्रिडांना प्रथम शहराबाहेर घालवण्यात आले आणि १७६१ मध्ये पाखंडाच्या आरोपावरून त्यांचा गळा आवळून देह जाळण्यात आला. १७५९ मध्ये पोंबाल यांनी साम्राज्यातून जेज्युइटांना हद्दपार केले, तेव्हा गोव्यातील त्यांचे मठ आणि मालमत्ताही सरकारजमा झाल्या. बुद्धिवाद्यांचा हा नायक किती निष्ठुर होता, हे यावरून दिसते.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट तेव्हा तिशीत होते. त्यांनी १७५६ मध्ये भूकंपावर तीन लेख लिहिले आणि जमिनीखालच्या पोकळ्यांतील ज्वालाग्राही वायू हे कारण सुचवले. ते कारण चुकीचे ठरले, पण निसर्गातले कारण शोधले पाहिजे आणि बाधित शहराकडे शिक्षा झालेल्या गुन्हेगारासारखे पाहू नये, हा त्यांचा आग्रह टिकला. १७६० मध्ये जॉन मिचेल या केंब्रिजच्या विद्वानाने लिस्बनची माहिती वापरून दाखवले की धक्का जमिनीतून लाटांच्या रूपाने प्रवास करतो. कृष्णविवरासारख्या ताऱ्याची कल्पना पहिल्यांदा मांडणारे ते हेच, आणि ते चर्चचे धर्मगुरूही होते. आज आपल्याला माहीत आहे की पोर्तुगालच्या नैर्ऋत्येला अटलांटिकच्या तळाशी आफ्रिकी आणि युरेशियन भूपट्ट एकमेकांवर रेटत असतात. त्या रेट्याला शहरात कोण राहते याची खबर नसते.

आदामाच्या आधीचे मरण

इथवर विज्ञानाने एकच गोष्ट केली होती: विशिष्ट आपत्तीला विशिष्ट पापाशी जोडण्याचा मार्ग बंद केला होता. त्याहून खोल घाव डार्विन यांनी घातला. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर पाचव्या शतकातील संत ऑगस्टिन यांची मोठी छाप होती. देवाने निर्माण केलेले सर्व चांगले होते, वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, ते चांगल्याचा अभाव आहे, आणि जगात मृत्यू व क्लेश शिरले ते देवाने निर्मिलेल्या जीवांनी, म्हणजे आधी देवदूतांनी आणि मग आदाम-हव्वेने, स्वेच्छेने केलेल्या पतनामुळे, अशी या मांडणीची रूपरेषा सांगता येईल. यात देव निर्दोष राहतो. पण जीवाश्म वेगळी गोष्ट सांगतात. माणूस पृथ्वीवर येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून प्राणी एकमेकांना फाडून खात होते, आजारी पडत होते, संपूर्ण जाती नष्ट होत होत्या. डायनोसॉरच्या हाडांतही कर्करोगाच्या खुणा सापडल्या आहेत. माणसाच्या पापाची शिक्षा माणसाच्या आधी कशी आली, याचे उत्तर ऑगस्टिन यांच्या चौकटीत सहज बसत नाही.

डार्विन यांच्यासाठी हा केवळ सिद्धांताचा प्रश्न नव्हता. त्यांची दहा वर्षांची मुलगी अॅनी एप्रिल १८५१ मध्ये वारली, आणि तिच्या जाण्याने त्यांच्या उरल्यासुरल्या ख्रिस्ती श्रद्धेचा आधार गेला असे अनेक चरित्रकार मानतात. मे १८६० मध्ये त्यांनी एसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिले की, सुरवंटाच्या जिवंत शरीरात वाढून त्याला आतून खाणारी गांधीलमाशीच्या कुळातली परजीवी माशी एखाद्या दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम बनवली असेल, हे माझ्या मनाला पटत नाही. ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि उत्क्रांतीचे अमेरिकेतील पहिले मोठे समर्थकही होते. उत्क्रांती म्हटली की चर्च एकमुखाने विरोधात उभे राहिले, ही समजूत इतिहासाला धरून नाही. ऑब्री मूर या अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) धर्मगुरूने तर १८८९ मध्ये म्हटले की डार्विनवाद शत्रूच्या वेषात आला आणि त्याने मित्राचे काम केले, कारण अधूनमधून येऊन यंत्र दुरुस्त करणाऱ्या देवाची कल्पना त्याने अशक्य केली.

ऑगस्टिन यांना पर्याय म्हणून दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियस यांच्याकडे विसाव्या शतकात पुन्हा लक्ष गेले. माणूस परिपूर्ण निर्माण होऊन घसरला असे न मानता, तो अपरिपक्व निर्माण झाला आणि त्याला वाढायचे आहे, असे इरेनियस सुचवतात. ब्रिटिश धर्मतत्त्वज्ञ जॉन हिक यांनी १९६६ मध्ये या धाग्यावरून असे मांडले की धैर्य, करुणा, संयम हे गुण अडचणी नसलेल्या जगात घडूच शकत नाहीत. जग हे आत्मा घडवण्याचे ठिकाण आहे. ही मांडणी उत्क्रांतीशी जुळते, पण तिच्यात दोन मोठी भगदाडे आहेत. सुरवंटाचा आत्मा यातून कसा घडतो, हे ती सांगत नाही. आणि काही दुःखे माणसाला घडवत नाहीत, ती त्याला मोडून टाकतात.

मोकळीक दिलेले जग

विज्ञान आतून जाणणाऱ्यांपैकी सर्वांत स्पष्ट उत्तर जॉन पोल्किंगहॉर्न यांनी दिले. ते केंब्रिजमध्ये गणिती भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७९ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि १९८२ मध्ये ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. माणसाला स्वातंत्र्य दिल्यामुळे पाप शक्य झाले, हा जुना युक्तिवाद त्यांनी निसर्गापर्यंत ताणला. देवाने केवळ माणसालाच नाही, तर संपूर्ण सृष्टीला स्वतःच्या प्रकृतीप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली आहे. पेशीतील जनुकांत बदल होतात म्हणून नवे जीव निर्माण होतात, आणि त्याच बदलांमुळे कर्करोगही होतो. एक हवे आणि दुसरे नको असे म्हणता येत नाही. भूपट्ट सरकतात म्हणून पर्वत उभे राहतात आणि दीर्घ काळात वातावरणातील कर्बाचे चक्र चालू राहते, ज्यामुळे पृथ्वी राहण्याजोगी राहते. आणि तेच भूपट्ट लिस्बन पाडतात. ऑस्टिन फॅरर या ईश्वरशास्त्रज्ञाने आधीच म्हटले होते की लिस्बनच्या भूकंपात देवाची इच्छा एवढीच होती की पृथ्वीच्या कवचातील द्रव्यांनी आपल्या प्रकृतीप्रमाणे वागावे. पोल्किंगहॉर्न यांना हे वाक्य कठोर, पण खरे वाटत असे.

हे उत्तर मला इतर उत्तरांपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण ते विज्ञानाने सांगितलेल्या गोष्टी जशाच्या तशा स्वीकारते. पण लायब्निझ यांचा हिशेब इथे नव्या कपड्यांत परत आला आहे, हे लपवता येणार नाही. सबंध व्यवस्थेच्या पातळीवर हा युक्तिवाद भक्कम आहे. एका मुलाच्या पातळीवर आणला की तो लुळा पडतो. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलाच्या आईला जनुकबदलांशिवाय उत्क्रांती झाली नसती असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, आणि तरीही त्याने ते बोलायला नको होते. पोल्किंगहॉर्न यांनाही याची जाणीव होती. हा युक्तिवाद दुःखाचे गूढ संपवत नाही, असे ते आवर्जून सांगत.

दुःख सोसणारा देव

म्हणून विसाव्या शतकातील दुसरा प्रवाह दुःखाचे कारण विचारण्याऐवजी, त्या दुःखात देव कोठे आहे असे विचारतो. पुढे ईश्वरशास्त्रज्ञ झालेला युर्गेन मोल्टमान जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये विमानविरोधी तोफेवर नेमलेला सतरा वर्षांचा मुलगा होता. ब्रिटिश बॉम्बफेकीत त्याच्या शेजारी उभा असलेला मित्र मेला आणि तो वाचला. पुढे युद्धकैदी असताना हाती आलेल्या बायबलमध्ये त्याला मार्कच्या शुभवर्तमानातील वधस्तंभावरचा आक्रोश भेटला: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मोल्टमान यांनी म्हटले की त्या क्षणी पुत्र त्यागले जाण्याचे दुःख भोगतो आणि पिता पुत्र गमावण्याचे; दुःख देवाच्या बाहेर राहत नाही. नाझींनी तुरुंगात टाकलेले पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनीही जुलै १९४४ मध्ये लिहिले होते की केवळ दुःख सोसणारा देवच साह्य करू शकतो. नऊ महिन्यांनी त्यांना फाशी देण्यात आले.

आजच्या बहुतेक प्रवचनांत हेच ऐकू येते, आणि ते इतके स्वाभाविक वाटते की ही परंपरेपासूनची मोठी फारकत आहे हे लक्षातच येत नाही. प्राचीन आणि मध्ययुगीन ईश्वरशास्त्रानुसार देवाला दुःख होत नाही; ख्रिस्त मानवी स्वभावात दुःख भोगतो, देवत्वात नाही. ही भूमिका निर्विकार, थंड देवाची आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बुडणाऱ्याला ओढून घ्यायला काठावर पाय रोवून उभा असलेला कोणीतरी लागतो, असा तिचा आशय आहे. जर्मन कॅथलिक विचारवंत कार्ल राहनर यांनी मोल्टमान यांच्यावर नेमका हाच आक्षेप घेतला, की देवाचीही माझ्यासारखीच दुर्दशा झाली असेल तर माझी सुटका त्यातून कशी होणार? या वादाचा निकाल लागलेला नाही. सोबत आणि सुटका या दोन्ही गोष्टी देवाकडून हव्या असतात, आणि एका मांडणीत दोन्हींना न्याय देणे फार कठीण आहे.

भरून न निघणारे नुकसान

केंब्रिजमध्ये १९६० ते १९७८ या काळात धर्मतत्त्वज्ञान शिकवणारे डोनाल्ड मॅकिनन यांचे नाव बाहेर फारसे कोणाला माहीत नाही, पण या विषयात त्यांच्याइतका अस्वस्थ करणारा विचारवंत दुसरा नसेल. शोकात्मिका आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे जमत नाही, असे साहित्याचे पुष्कळ अभ्यासक मानतात, कारण ख्रिस्ती कथा पुनरुत्थानाने संपते. शेवट गोड असेल तर शोकात्मिका कसली? मॅकिनन यांना हा गोड शेवटच संशयास्पद वाटे. ते येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याकडे बोट दाखवत. शुभवर्तमानाप्रमाणे त्याच्या विश्वासघातातून जगाचे तारण घडले, आणि तरी त्याच्याविषयी स्वतः येशू म्हणतो की तो माणूस जन्मला नसता तर त्याच्यासाठी बरे झाले असते. पुनरुत्थानाने यहूदाचे नुकसान भरून येत नाही. जे घडले ते घडले आहे, आणि अंतिम विजयाच्या नावाखाली ते पुसून टाकणे हा एक प्रकारचा खोटेपणा आहे, असा मॅकिनन यांचा रोख होता. कान्ट यांनीही १७९१ मध्ये, लिस्बनवर लिहिल्यानंतर पस्तीस वर्षांनी, देवाचे समर्थन करणारे सर्व तात्त्विक खटले फसले आहेत असे जाहीर केले आणि ईयोबाची बाजू घेतली: मित्र देवाची खुशामत करत होते, ईयोब मनात होते ते बोलत होता.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हे सर्व वाद पुन्हा उघडले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तमिळनाडूतील वेलांकन्नी येथे समुद्रकाठावर आलेले यात्रेकरू लाटेत गेले. मुंबई, वसई आणि गोव्याच्या कॅथलिकांसाठी हे स्थान अपरिचित नाही. त्यानंतर अमेरिकी ऑर्थोडॉक्स विचारवंत डेव्हिड बेंटली हार्ट यांनी देवाच्या गूढ योजनेची भाषा करणाऱ्या स्वधर्मीयांवर कडाडून टीका केली. नव्या करारात मृत्यू हा शत्रू आहे, देवाचे साधन नाही, असे ते म्हणाले. मुलाच्या मृत्यूमागे उच्च हेतू शोधणे म्हणजे शत्रूला देवाचा नोकर ठरवणे. या मुद्द्याने मन हलते. पण मग विज्ञानाचा प्रश्न लगेच समोर येतो. मृत्यू आणि भूपट्ट यांच्याविना आपण निर्माणच झालो नसतो. मग त्यांना शत्रू कसे म्हणायचे, आणि सृष्टीचे पतन झाले असेल तर ते कोणत्या काळी? उलट पोल्किंगहॉर्न यांच्या बाजूने गेले तर निसर्गविज्ञानाशी समेट होतो, पण मृत्यूला शत्रू म्हणण्याची धार बोथट होते. मला वाटते की आजच्या चर्चेतली खरी फट हीच आहे, श्रद्धा आणि विज्ञान यांच्यातली नाही. ती श्रद्धेच्या आतच आहे, आणि विज्ञानामुळे ती स्पष्ट दिसू लागली.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत बायबलचे अभ्यासक एन. टी. राइट यांनी लिहिले की ही साथ का आली याचे उत्तर ख्रिस्ती धर्म देत नाही आणि त्याने ते द्यायचेही नसते. बायबलमधील विलापाची स्तोत्रे अशा वेळी शिकवतात ते उत्तराविना देवापुढे रडणे. काही वाचकांना ही पळवाट वाटली, आणि तो आक्षेप अगदीच पोकळ नाही: ज्या धर्माने इतकी शतके उत्तरे दिली, त्याने अडचणीच्या वेळी एकाएकी मौन पत्करले तर लोक विचारणारच. पण त्या स्तोत्रांत मौन नाही, तक्रार आहे, आणि तक्रार करण्यासाठी समोर कोणीतरी आहे असे मानावे लागते.

प्राण्यांच्या दुःखाबाबत तर विलाप करणाराही कोणी नसतो, आणि म्हणून सध्याचे सर्वांत धाडसी काम तेथे चालू आहे. इंग्लंडचे क्रिस्टोफर साउथगेट हे मुळात जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक. सौंदर्य, विविधता आणि जाणीव असलेले जीव निर्माण होण्याचा उत्क्रांती हा एकमेव मार्ग असावा, असे त्यांनी २००८ मध्ये मांडले. पण एवढ्यावर थांबायला ते तयार नाहीत. त्यांच्या चर्चेत पांढऱ्या पाणकोळ्याचे उदाहरण येते. या पक्ष्याची मादी बहुधा दोन अंडी घालते. दुसरे पिल्लू काही दिवस उशिरा जन्मते, आणि पहिले जगले तर त्याला घरट्यातून ढकलले जाते किंवा ते उपाशी मरते. जातीच्या दृष्टीने ते निव्वळ राखीव पिल्लू असते, आणि म्हणून ही व्यवस्था उत्तम चालते. त्या पिल्लाच्या दृष्टीने मात्र तिच्यात काहीही चांगले नाही. नव्या करारात प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सर्व सृष्टी कण्हत आहे आणि तिलाही मुक्तीची आशा आहे असे म्हटले आहे. त्या आधारावर साउथगेट म्हणतात की जर या पिल्लाला मृत्यूनंतर काहीच मिळणार नसेल, तर देवाने त्याला दुसऱ्यांच्या सुखाचे साधन म्हणून वापरले असे होईल, आणि अशा देवाला चांगला म्हणता येणार नाही. टीकाकार विचारतात की कधीही न उडालेल्या पिल्लाचा स्वर्ग म्हणजे नेमके काय, आणि शिकारी प्राण्याचा स्वर्ग शिकारीविना कसा असेल. साउथगेट यांच्याकडे याचे तपशीलवार उत्तर नाही, पण हा प्रश्न सोडून देऊन देवाच्या चांगुलपणाविषयी बोलत राहण्याची त्यांची तयारी नाही.